विश्वास आहे, प्रार्थना आहे, तरीही समाधान टिकत नाही: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपण लिहिता की, गेली काही वर्षे आपण नियमाने प्रार्थना करता, पवित्र शास्त्र वाचता आणि मंडळीच्या (चर्चच्या) सेवेतही भाग घेता. तरीही एखादी नवी वस्तू, वरचे पद किंवा दुसऱ्याच्या वाट्याला आलेले कौतुक दिसले की मन तिकडे धावते, हवे ते मिळाले की थोडे दिवस बरे वाटते आणि मग पुढची ओढ सुरू होते. उपासनेत किंवा आध्यात्मिक शिबिरात लाभलेली शांतीही अशीच लवकर विरते, असेही आपण म्हटले आहे. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: आपला विश्वास खोटा आहे का, इच्छाच मारून टाकाव्यात का, आणि जिच्यामुळे कामाचे तास वाढणार आहेत व जिच्याविषयी आपल्या पत्नीला शंका वाटते ती बढती नाकारावी का. मी दीर्घकाळ पाळक म्हणून काम केले आहे आणि आता माझा बराचसा वेळ लोकांचे ऐकून घेण्यात व त्यांच्याबरोबर प्रार्थना करण्यात जातो. हीच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकताना आणि स्वतःच्या मनाशी झगडताना जे समजले, त्याच्या आधारे उत्तर देतो.

आपल्या पत्रातील एका वाक्यावर मी थांबलो. ‘मला टिकणारे समाधान हवे आहे, ते येशूकडून कसे मिळवायचे?’ असे आपण विचारता. वाक्य निर्दोष वाटते, आणि कदाचित म्हणूनच त्यातील अडचण आपल्या लक्षात आली नसावी. आपल्याला हव्या असलेल्या गोष्टींची जी यादी आहे, तिच्यात आता समाधान ही आणखी एक गोष्ट सामील झाली आहे, आणि ती पुरवण्याचे काम आपण प्रभूकडे सोपवले आहे. ज्या हावेने मन वस्तूंकडे धावते, त्याच हावेने ते आता शांतीकडे धावत आहे. त्यामुळे शिबिरातील शांती जेव्हा ओसरते तेव्हा नवी वस्तू जुनी झाल्यावर वाटते तशीच निराशा आपल्याला वाटते. माझ्या मते खरी अडचण इच्छा फार आहेत ही नाही, विश्वास कमी आहे हीही नाही. देव हा ध्येय असण्याऐवजी साधन झाला आहे, ही आहे. ख्रिस्ती समाधान हे त्याच्या मागे लागून हाती येत नाही; ज्याच्या मागे जायचे त्याच्या मागे गेल्यावर ते सोबत येते, आणि पुष्कळदा ते आल्याचे आपल्या उशिरा लक्षात येते.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे सांगणे आवश्यक आहे, कारण मी आपल्याला ओळखत नाही. आपली ओढ कर्ज काढून खरेदी करण्यापर्यंत, जुगारापर्यंत किंवा व्यसनापर्यंत पोहोचली असेल, तर केवळ आध्यात्मिक सल्ल्यावर विसंबू नये. तिथे जाणकाराची मदत घेणे आणि पैशाचा व्यवहार काही काळ विश्वासू माणसाच्या नजरेखाली ठेवणे, हाच नम्रतेचा मार्ग आहे. कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल आणि ही अवस्था अनेक आठवडे टिकून असेल, तर ते असमाधान नसून नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यात विश्वासाची काहीही उणीव नाही. आणि घरात खरोखरच टंचाई असेल, तर तिला कोणी लोभ म्हणू नये. ऊब आणि पोटभर अन्न यांच्या नुसत्या शुभेच्छा देऊन उघड्या-उपाशी भावाला वाटेला लावणाऱ्यांना याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चांगलेच खडसावतो. नीतिसूत्रांच्या ३०व्या अध्यायातील अगूर तर दारिद्र्य नको आणि संपत्तीही नको, वाट्याची भाकर पुरे, अशी प्रार्थना करतो. टंचाई ही सुद्धा माणसाला देवापासून दूर नेऊ शकते, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. आपल्या पत्रावरून आपण यांपैकी कोणत्याही स्थितीत नाही असे मला वाटते, आणि पुढचे सगळे तसे धरून लिहिले आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. विश्वास खोटा आहे का? समाधानाविषयी मंडळ्यांमध्ये सर्वाधिक ऐकवले जाणारे वचन ख्रिस्ताचा संदेश दूरवर नेणाऱ्या प्रेषित पौलाचे आहे: ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे, असे तो फिलिप्पै शहरातील मंडळीला लिहितो (फिलिप्पैकरांस ४:११). हे वचन भिंतीवर टांगण्याइतके प्रसिद्ध असले तरी त्यातील शिकण्याची गोष्ट आपण सहज ओलांडून जातो. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभूचे दर्शन झाले, त्या क्षणी समाधानही मिळून गेले, असे तो कुठेही म्हणत नाही. उलट रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात स्वतःच्या पापाचे उदाहरण देताना, दहा आज्ञांपैकी त्याला नेमकी शेवटची आज्ञा आठवते: लोभ धरू नको. चोरी, खून, व्यभिचार या आज्ञा बाहेरच्या वागणुकीला लागू होतात आणि शिस्तीच्या माणसाला त्या पाळल्याचे समाधान मिळू शकते. शेवटची आज्ञा मात्र थेट मनात शिरते, आणि तिनेच आपल्यात नाना प्रकारचा लोभ चेतवला, असे हा कडक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, लिहितो. म्हणजे संतुष्ट राहण्यास शिकलेला आणि लोभाने पोळलेला, हे दोघे एकच गृहस्थ आहेत. कैदेत बसून फिलिप्पैच्या मंडळीला लिहीपर्यंत त्याने फटके, जहाजफुटी, भूक आणि सहकाऱ्यांशी मतभेद असे सगळे पाहिले होते. इतक्या वाटचालीनंतर तो ‘शिकलो आहे’ म्हणतो. तेव्हा आपल्याला ओढ जाणवते, एवढ्यावरून विश्वास खोटा ठरत नाही. आपण शिकणाऱ्यांच्या वर्गात आहात, आणि त्या वर्गात बसलेले असणे हेच विश्वासाचे लक्षण आहे.

याच पत्रासंबंधी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हे पत्र एका अर्थी आभारपत्र आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती मदत पाठवली होती आणि पौल ती मिळाल्याचे आनंदाने कळवतो. समाधानी माणसाला कशाचीच गरज नसते, ही कल्पना त्याच्या काळातल्या स्तोइक तत्त्वज्ञांमध्ये रूढ होती. बाहेरच्या कोणत्याही गोष्टीवर, माणसावरसुद्धा, मन अवलंबून राहू नये असा त्यांचा प्रयत्न असे. पौल त्यांच्यासारखे शब्द वापरतो, पण दोनच वचनांनंतर सांगतो की, हे सगळे मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे शक्य होते. त्याचे समाधान स्वावलंबनातून आलेले नाही, दुसऱ्यावर पूर्णपणे टेकण्यातून आलेले आहे. म्हणून त्याला मदत घेण्याची लाज वाटत नाही आणि मदत आली नाही तरी त्याचा तोल जात नाही. ते तेरावे वचन खेळाडूंच्या आणि परीक्षार्थींच्या यशासाठी सर्रास वापरले जाते, याचे मला थोडे वाईट वाटते. मूळ ठिकाणी ते यश मिळवण्याविषयी नसून, विपुलता आणि टंचाई दोन्ही सोसण्याविषयी आहे. विपुलता सोसायलाही सामर्थ्य लागते, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

यातून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. सतराव्या शतकातील प्युरिटन (इंग्लंडमधील एका कडक सुधारक पंथाचे) धर्मोपदेशक जेरेमाया बरोज यांचे म्हणणे असे की, ख्रिस्ती माणूस समाधानाकडे बेरजेने जात नाही, वजाबाकीने जातो. म्हणजे जवळच्या वस्तू वाढवून इच्छांना गाठण्यापेक्षा तो इच्छा परिस्थितीच्या मापाच्या करतो. हा सल्ला उपयोगी आहे आणि मी तो अनेकांना दिला आहे, पण एकटा दिला तर तो अपुरा पडतो असे माझे मत झाले आहे. नुसती वजाबाकी केलेल्या मनात पोकळी राहते आणि ती मोकळी राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका सद्गृहस्थांनी मोठ्या निश्चयाने राहणी साधी केली, अनेक वस्तू देऊन टाकल्या, आणि काही काळाने त्यांच्याच लक्षात आले की आता आपल्याला साधेपणाच्या लौकिकाची चटक लागली आहे. कोणी त्यांच्या त्यागाचा उल्लेख केला नाही तर त्यांचा दिवस वाईट जाई. वस्तूंची हाव गेली आणि तिच्या जागी अधिक सूक्ष्म हाव आली.

पवित्र शास्त्र इच्छा विझवायला सांगत नाही. यशया ५५मध्ये देव तहानेल्यांना बोलावतो आणि जे अन्न नव्हे त्यासाठी पैसे का मोजता असे विचारतो. तहान चूक आहे असे तो म्हणत नाही. यिर्मया २:१३मध्ये देवाची तक्रार आहे की, माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि पाणी न टिकणारे फुटके हौद स्वतःसाठी खोदले. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशू तिच्याकडे पाणी मागून सुरुवात करतो आणि तिथून तिच्या तहानेपर्यंत पोहोचतो. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेल्या ऑगस्टीनने हेच प्रेमाच्या क्रमाच्या रूपात मांडले: चांगल्या वस्तूंवर प्रेम करणे हे पाप नाही, त्यांना देवाच्या जागी बसवून प्रेम करणे हा बिघाड आहे. वस्तू खाली आपल्या जागी आली की तिचा आनंदही नीट घेता येतो, कारण जे देणे तिच्या हाती नाही ते आपण तिच्याकडे मागत नाही. म्हणून इच्छा मारू नयेत. त्यांची चौकशी करावी.

ही चौकशी कशी करायची, यावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या अनुभवात बहुतेकांची गाडी इथेच अडते. गणना ११मध्ये एक प्रसंग आहे. अरण्यात रोज मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळत असताना इस्राएल लोक मांसासाठी रडू लागतात आणि म्हणतात की, मिसर देशात आम्ही मासे फुकट खात होतो, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण सगळे होते. ‘फुकट’ या शब्दाकडे पाहा. ते तिथे गुलाम होते, विटा पाडत होते, त्यांची मुले नदीत फेकण्याचा हुकूम निघाला होता; आणि हावेने त्या सगळ्याची आठवण पुसून फक्त जेवणाचा स्वाद शिल्लक ठेवला. ओढ ही नेहमी अशीच खोटा हिशेब मांडते. जे हवे असते त्याची किंमत ती लपवते आणि जे हातात आहे त्याची चव घालवते. पुढे त्यांना मांस मिळाले, इतके की त्याची शिसारी यावी. आणि स्तोत्र १०६ त्या घटनेविषयी म्हणते की, देवाने त्यांचे मागणे पुरवले, पण त्यांचा जीव क्षीण केला. मागणे पुरे होऊनही जीव रोडावतो, ही अवस्था आपण स्वतःच्या शब्दांत पत्रात वर्णिलेलीच आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी ओढीचा दुसरा अर्धा हिशेब मांडायला सांगतो, आणि त्यासाठी सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत लोयोलाच्या इग्नेशियसकडून घेतलेली रीत वापरतो. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि त्याला बराच काळ अंथरुणावर काढावा लागला. त्या काळात तो कधी दरबारातील पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्ने रंगवी, तर कधी वाचनामुळे ख्रिस्ताच्या आणि संतांच्या मार्गाने जाण्याचे मनोराज्य करी. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. फरक त्याला नंतर कळला: पहिले विचार संपल्यावर मन कोरडे व असंतुष्ट राही आणि दुसरे विचार संपल्यानंतरही आनंद टिकून असे. या एका निरीक्षणावर त्याची पुढची सगळी पारख उभी राहिली. आपणही एवढेच करा: रात्री झोपण्यापूर्वी देवासमोर शांत बसून दिवसातील ओढींपैकी एकच निवडा आणि ती पुरी झाल्यानंतर, किंवा नुसती मनात घोळवल्यानंतर, मनाची अवस्था कशी होती हे त्याला सांगा. स्वतःला दोष देऊ नका, उपदेश करू नका. नुसते पाहा आणि सांगा. ती वस्तू मला नेमके काय देईल असे वाटले होते, हा प्रश्नही विचारा. पुष्कळदा उत्तर वस्तूशी संबंधित नसतेच. कोणाला सुरक्षितता हवी असते, कोणाला आपण कोणीतरी आहोत ही ग्वाही हवी असते, आणि कोणी नुसता थकलेला असतो व त्याला विश्रांती हवी असते. थकलेल्याने झोपावे, त्याच्या त्या रात्रीच्या हावेला दुसरे औषध नाही. ग्वाही हवी असलेल्याने मात्र जॉर्डन नदीवर येशूने कोणतेही काम करून दाखवण्यापूर्वीच पित्याने त्याला ‘माझा पुत्र, मला परमप्रिय’ म्हटले, त्या वचनाशी दीर्घकाळ बसावे. ख्रिस्तात जो आहे त्याला तीच ओळख देण्यात आली आहे, हे डोक्यातून हृदयात उतरायला वेळ लागतो. ते उतरले की कौतुकाची भूक आपोआप निम्मी होते, असे मी पाहिले आहे.

मान्नाच्या गोष्टीतून दुसरा धडाही घ्यावा. निर्गम १६प्रमाणे तो रोजच्या रोज गोळा करावा लागे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातील विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी गोळा केलेल्याचा तेवढा अपवाद. शिबिरातली शांती टिकत नाही ही आपली तक्रार मला इथेच सुटलेली दिसते. ती शांती साठवण्यासाठी दिलेली नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेत आपण आजची भाकर आज मागतो, तसेच समाधानही आजचे आज मागायचे असते, आणि काल मिळाले होते तसेच ते आज वाटेल असा हट्ट धरायचा नसतो.

त्याखेरीज देणे. उपास, शब्बाथाची विश्रांती, प्रभुभोजन, दुसऱ्या विश्वासणाऱ्याजवळ पापकबुली, ही सगळी साधने उपयोगी आहेत आणि आपल्याला ती ठाऊक असतील. पण लोभावर देण्याइतका थेट आघात दुसरे काही करत नाही. मात्र ते गुप्त असावे आणि थोडे जाणवेल इतके असावे. वर सांगितलेल्या सद्गृहस्थांची सुटका अखेर अशीच झाली. जे कोणालाही कधी कळणार नाही असे देणे त्यांनी सुरू केले.

एका शिकवणीपासून आपल्याला सावध करतो. विश्वास ठेवा म्हणजे देव घर, पैसा, पद देईल, असे सांगणारे उपदेशक आज पुष्कळ आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात, भक्तीला कमाईचे साधन समजणाऱ्यांविषयी इशारा आहे आणि त्याच्या लगेच पुढे संतोषासह भक्ती हाच मोठा लाभ असल्याचे म्हटले आहे. ती शिकवण हाव घालवत नाही, तिला प्रार्थनेचा अंगरखा चढवते. आपण असे उपदेश ऐकत असाल तर काही महिने ते बंद करून पाहावे. स्तोत्र ७३चा कर्ता आसाफही दुष्टांची भरभराट पाहून जळत होता. देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याची दृष्टी बदलली, आणि स्तोत्राच्या शेवटी त्याला आश्वासन मिळते ते संपत्तीचे नाही, देवाच्या सान्निध्याचे.

आता बढतीचा प्रश्न. समाधानी माणसाने परिस्थिती बदलूच नये, असे पवित्र शास्त्र शिकवत नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गाणारा पौल सकाळी अधिकाऱ्यांना ठणकावतो की, आम्हा रोमी नागरिकांना चौकशीविना फटके मारलेत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात दासाला तो लिहितो की, मोकळे होता येत असेल तर ती संधी घे. येशूनेही सगळ्यांना एकच माप लावले नाही. श्रीमंत तरुणाला त्याने सर्वस्व विकायला सांगितले. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवणुकीची चौपट भरपाई देऊ केली तेव्हा त्याच्या घरी तारण आल्याचे सांगितले. बेथानीच्या मार्थेला तर घर सोडायला सांगितले नाही, त्या घरी तो जाऊन राहिला. म्हणून बढती घ्या किंवा नाकारा, असे मी इथून सांगू शकत नाही. ती नाकारल्याने आपण अधिक आध्यात्मिक ठराल, या कल्पनेपासून मात्र दूर राहा. तीही हावच आहे.

निर्णयापूर्वी काही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ही बढती मिळाल्याचे कोणालाही कळणार नसेल तरी ती मला हवी असेल का? ते काम मला चांगले करता येते आणि त्याने इतरांचे भले होते म्हणून मी तिकडे ओढला जातो, की दुसरा कोणी पुढे जाईल या भीतीने? वाढलेल्या तासांची किंमत कोण मोजणार आहे? प्रार्थना, मंडळी आणि घर यांसाठी आज जो वेळ जातो त्यातला कोणता भाग जाईल, हे कागदावर लिहून काढा, कारण मनातल्या मनात केलेला हिशेब मिसरमधल्या माशांसारखा फुकटच दिसतो. कळवण्याची मुदत किती आहे ते मला माहीत नाही. परंतु जेवढी असेल तेवढी वापरा, आणि त्या काळात वर सांगितलेली रात्रीची चौकशी याच एका विषयावर करा. आपल्या पत्नीला काय वाटते हे आपण पत्रात एका वाक्यात उरकले आहे. तिची शंका नेमकी कशाविषयी आहे, हे आधी तिला विचारा आणि ती बोलत असताना उत्तर तयार करू नका. ती आपल्याबरोबर राहते, आणि आपली कोणती ओढ किती खरी आहे, याची माहिती तिच्याकडे माझ्यापेक्षा पुष्कळच अधिक असणार.